सतरा भिंती

खापर गावात कुणी हजहून परतणार असलं, की त्याच्या घराच्या दर्शनी भिंतीवर मक्केचा काबा आणि मदिनेचा हिरवा घुमट लोटन पेंटरनेच रंगवायचा, अशी वीस वर्षांची रीत.

परवा दोन अनोळखी माणसं त्याच्या दुकानात आली. मोबाइलवर त्या भिंतींचे फोटो दाखवून त्यांनी विचारलं, "अशी घरं किती आहेत?"

"सतरा शेतस. समदा मन्हाच हातना," लोटन खुशीत म्हणाला. "तुमनं घर कोठे शे?"

"आम्हाला चित्र नको. तू फक्त त्या लोकांची घरं दाखव."

त्यांचा इरादा ओळखून, उद्या दाखवतो म्हणून लोटनने त्यांना कसंबसं वाटेला लावलं.

&nbsp;

त्याच दुपारी त्याने चुना कालवला आणि हाजी याकूबचाचांच्या भिंतीवरच्या काब्यावर पहिला हात मारला. चाचांनी शिडी धरली.