सुभेदारांची टोपी

ब्याऐंशी साली सीमेवरच्या छावणीत मी बाहेरून बी.ए. करत होतो. आमच्याच साक्रीकडच्या सुभेदार देवरेंनी माझी पुस्तकं लंगरच्या चुलीत घातली आणि सगळ्या पलटणीसमोर अहिराणीत ओरडले, "भिकन, तुनं डोकं टोपीसाठे शे, पुस्तकसाठे नही!"

मी पुस्तकं पुन्हा आणली, पदवी घेतली. फौज सोडल्यावर धरणगावच्या एका सहकारी बँकेत लागलो आणि पुढे मॅनेजर झालो. पंच्याण्णव साली पहारेकऱ्याच्या मुलाखतीला निवृत्त देवरे आले. खुर्चीत मला बघताच मान खाली घालून परत निघाले.

मी त्यांना थांबवलं, चहा पाजला, नोकरीही दिली.



"सोमवारपासून या, सुभेदारसाहेब. मी आलो की दारात कडक सॅल्यूट पाहिजे. आणि टोपी घालूनच या. तुमनं डोकं टोपीसाठे शे."