आवाजाचं बटण

हिरो दोराला लोंबकळत कड्यावरून खाली आला, तशा सुरतेतल्या नवागामच्या त्या खोलीतल्या सगळ्या पुरुषांच्या माना त्याच्याबरोबर खाली गेल्या.

पिक्चर जुना, परदेशी, वर हिंदी बोलणं चिकटवलेलं. निंबाबरोबर लूमवर असलेल्या पंडितने टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणला होता. निंबाला पाहायला मुलीचा बाप येणार, म्हणून त्याची आई वत्सला हिने पंडितला बजावलं होतं, बोलणं कमी असलेला आण. रडारड नको, शपथा नकोत. घोडे, खजिना, मारामारी चालेल. लूमवर दिवसभर माग खडखडतात, काही वर्षांत कान जातात, मग माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. खोलीतल्या सगळ्या लूमवाल्यांचं कमीजास्त तसंच होतं. तिच्या निंबाचं जास्त. पोरंटोरं तिने आधीच बाहेर हाकलली होती. पोरं आगाऊ असतात.

मुलीचा बाप सखाराम खाटेवर मानाने बसला होता. पूर्वी तोही सुरतेत लूमवर होता, आता दोंडाईचाला धान्याचं दुकान. चहात साखर किती, असं वत्सलाने विचारलं तेव्हा तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. मेला, व्याही व्हायच्या आधीच, असं तिच्या मनात आलं. पदर सारखा करून ती स्टोव्हकडे वळली.

"इतला पडस, तरी मरस नही," सखाराम हिरोकडे बोट दाखवून म्हणाला. "ना घर, ना बायको. कोनासाठे करस?"

"तो मरना ते पिक्चर कोन देखी?" पंडित म्हणाला. "घरदार राहतं ते तो बी पाळीवर जाता."

सखाराम हसला. मग मुलीबद्दल बोलू लागला. "मन्ही रंजना इतली हळू बोलस, शेजारीले बी ऐकू येत नही. लिंबायतना पोऱ्या कालच सोडी दिना. बहिरा निंघना. बहिराना घर पोर देवापेक्षा इहीरमा टाकेल बरी. मना कान शाबूत शेत. मी टाईमवर सुटनू."

निंबा पडद्याकडे बघत होता. हिरो घोड्यावरून चालत्या गाडीवर उडी मारत होता. निंबा छान हसला.

सखाराम उठला. जवळून बघायचं निमित्त करून टीव्हीपाशी गेला आणि आवाजाचं बटण उलट्या बाजूला पार शेवटापर्यंत पिळलं.

हिरो तोंड फाडून ओरडला. खोलीत फक्त स्टोव्हची फुरफुर ऐकू आली. निंबा हलला नाही.

वत्सलाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. संपलं, तिला वाटलं. मग तिने पाहिलं, पंडितही हलला नव्हता. कुणीच हललं नव्हतं.

सखाराम टीव्हीपाशी वाकलेलाच होता. त्याने मान वळवली आणि तिला हळूच विचारलं, "आवाज गया का?"

आणि तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं.

वत्सलाने गाळणी खाली ठेवली.

"चालूच शे ना भाऊ," ती ओठ नीट हलवत म्हणाली. "तुमले ऐकू येत नही का?"

"येस ना," सखाराम म्हणाला. "येस. चांगला येस."

तो खाटेवर जाऊन बसला. पिक्चर तसाच पुढे चालला. हिरो पडला, उठला, खजिना नदीत बुडाला. पुरुष हसले की सखारामही हसायचा, जरा मागून.

पिक्चर संपल्यावर त्याने सोयरीक पक्की म्हणून निंबाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

पाहुणा गेल्यावर निंबाने आईला विचारलं, पोरीचं नाव काय.

"रंजना," ती म्हणाली.

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने पुन्हा सांगितलं. त्या नावाला तिचे ओठ जागचे हललेच नाहीत, त्याला वाचायला काही मिळेना.

"जाऊ दे," वत्सला म्हणाली. "लगीनमा नाव बदली टाकू. ओठ मिटतीन असं एखादं."