मेंढरांच्या पाठीवरचा रंग

"ह्यो खोटं बोलतोय, ते तुमच्या मशीनला कळंल का?" बिरुदेवने विचारलं.

येडू खुर्चीत बसला होता. चैताली त्याच्या डोक्याला मागून पेस्ट लावून वायरी चिकटवत होती. सोलापुरातल्या या दवाखान्यात ती डोळ्यांच्या तपासण्या करायची.

"मशीन तोंडाला विचारतच नाही, काका," ती म्हणाली. "डोळ्याला दोन रंगांतला फरक दिसला की मेंदूत बारीकशी वीज उठते. ती या रेघेवर दिसते."

भांडण अकरा मेंढरांचं होतं. येडूच्या मेंढरांच्या पाठीवर लाल रंग, बिरुदेवच्या मेंढरांवर हिरवा. दोघं सख्ख्या बहिणींची पोरं. सांगोल्याकडच्या एकाच माळावर चारायला जायचे. गेल्या महिन्यात बिरुदेवची अकरा मेंढरं कमी भरली. गावकऱ्यांनी ती येडूच्या कळपातून काढून दाखवली. येडू म्हणाला, मला दोन्ही रंग सारखेच दिसतात. बिरुदेवने चारचौघांत त्याला चोर म्हटलं. येडूची बायको केराबाई वारून सहा महिने झाले होते, त्यात हे. येडूचं जेवणच तुटलं.

पडद्यावर काळे-पांढरे चौकोन आले. रेघ उसळली. मग लाल-हिरवे आले. रेघ सपाट.

"यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही," चैताली म्हणाली.

"मशीन बिघडलंय! मला लावा, मंग बघा रेघ कशी उड्या मारती." येडूला उठवून बिरुदेव खुर्चीत बसला.

काळ्या-पांढऱ्या चौकोनांना त्याचीही रेघ उसळली. चैतालीने बटण दाबलं. बिरुदेव पडद्याकडे बघत राहिला.

"आता लावा की लाल-हिरवे चौकोन."

"लावलेत, काका. मघापासून."

रेघ सपाट होती. किती दिवसांनी येडूला हसू फुटलं. "चोरा, माजी किती नेलीस रं?"

बिरुदेव डोकं खाजवायला गेला, तर हाताला वायरी लागल्या. "पन मंग इतकी वर्सं माजी मेंढरं माज्याकडंच कशी ऱ्हायली?"

दाराशी बसलेली त्याची बायको रंभाबाई पदरात तोंड घालून हसत होती.

"घरी सांगाय गेले, तर 'तू गप' म्हनलासा. केराबाई अन् मी रोज तिन्हीसांजेला नुसत्या गप्पा हाणत बसायचो व्हय? चुकल्याली मेंढरं निवडून ज्याची त्याच्या कळपात घालायचो. ती गेली, अन् मला एकटीला उरकंना."