कोण ओरडतं ते बघू

बाबांच्या ऑफिसातले नरेशकाका आयटी पार्कमधून थेट आमच्याकडे चहाला आले. कंपनीचे सगळे जुने सर्व्हर आता प्रायव्हेट क्लाउडवर जाणार होते आणि त्याआधीची साफसफाई काकांकडे होती.

"पण कुठला सर्व्हर बिनकामाचा, हे कळतं कसं?" मी विचारलं.

"सोप्पं आहे, भार्गवी. बंद करायचा आणि पंधरा दिवस कोण ओरडतं ते बघायचं. कुणीच नाही ओरडलं की डिलीट! तुझ्या बाबाचाही एक होता. कालच काढला."

माझ्या हातातलं बिस्किट चहात पडलं. बाबांना जाऊन आठ महिने झाले, तरी त्यांनी आपोआप जाईल असा लावून ठेवलेला मेसेज रोज सकाळी सहाला यायचा, "ऊठ गं म्हशे, बस सुटेल!" पंधरा दिवसांपूर्वी तो यायचा थांबला. मी, एरवी सगळ्या सेक्टरला ऐकू जाईल एवढं बोलणारी, गप्प बसले. आईला कळलं तर ती रडेल, म्हणून.

आई माझ्याकडेच बघत होती.

"तुलाही यायचा?" ती म्हणाली. "मला सातला यायचा. 'मंजिरी, गोळी घेतलीस का?'"