बारापैकी बारा

"हे?"

"काळी दोन."

"हे?"

"पांढरी सहा."

"आणि हे?"

"पांढरी एक. आई, किती सोपं देतेस."

"बरोबर," आई म्हणाली.

सहा वर्षांची धाकटी पियानोकडे पाठ करून भिंतीशी उभी होती. बघायचं नाही, नुसतं ऐकून पट्टीचं नाव सांगायचं, हा नियम. सात पांढऱ्या, पाच काळ्या. दीड वर्ष रोज सकाळी, शाळेआधी अर्धा तास.

स्वयंपाकघरात किटलीने शिटी दिली.

"काळी तीन," धाकटी न विचारताच म्हणाली.

आईच्या कानात दुसरंच नाव उमटलं. "बरोबर," ती म्हणाली आणि किटली उतरवायला गेली.

बाप दाराशी बूट चढवत होता. छापखान्यात वीस वर्षं यंत्रापाशी उभं राहून त्याचे कान पार कामातून गेले होते. "काय म्हणते स्वारी?" तो ओरडूनच बोलायचा.

"एकही चुकत नाही."

"मग परवा झालीच पास."

"बघू."

"बघू काय, अगं? शिकवायचं तूच आणि तोंड पाडून बसायचंही तूच."

परवा संगीत विद्यालयाची परीक्षा होती. नुसत्या कानाने स्वर ओळखणारी मुलं विद्यालय निवडून घेई, आणि मग ती तिथेच राहत. नवराबायकोत यावरून महिनाभर अबोला झाला होता. शेवटी बाप म्हणाला, "विद्यालयाने घेतली तर जाईल. नाही घेतली तर मी पुन्हा नाव काढणार नाही. शब्द." तो शब्दाचा पक्का होता. आई त्या शब्दावर जगत होती.

कारण मागच्या खोलीत ताई होती.

ताईलाही विद्यालयाने असंच निवडलं होतं. सोळाव्या वर्षी तिला घरी आणून सोडलं. सोबतच्या कागदावर एकच शब्द होता, 'विश्रांती'. तेव्हापासून तिच्या कानांत कापूस असे. आईने खुर्च्यांच्या पायांना जाड लोकर चिकटवली, चमचे लाकडी आणले. तरी कुठे बशी वाजली की ताई भिंतीकडे तोंड करून बसे, ती दिवस मावळेपर्यंत. तिथे काय झालं ते तिने कधी सांगितलं नाही.

"थोरलीला झेपलं नाही," बाप म्हणे. "धाकटी दणकट आहे."

आईचा धंदा पियानो सुरात लावून द्यायचा. दीड वर्षापूर्वी नवरा कागद आणायला आठवडाभर बाहेरगावी गेला, तेव्हा तिने घरचाच पियानो उघडला. तो बिघडवायला. पोरीच्या डोक्यात नावं चुकीची बसली की काम झालं.

आधी तिने तारा वाटेल तशा ढिल्या केल्या. मग एक पट्टी दाबली आणि तिच्या दाढा आंबल्या. असला पियानो घरात ठेवणं तिच्या हाताला जमण्यातलं नव्हतं. ती तारा पिळायची चावी घेऊन पुन्हा बसली आणि चार दिवसांत सव्वादोनशे तारा, एकेक करून, बरोबर अर्धा स्वर खाली आणल्या. आता पांढरी एक दाबली की तिच्या मागच्या पट्टीचा आवाज येई. सगळ्याच पट्ट्यांचं तसं. ठोकला की खरा सूर सांगणारा पोलादी नादकाटा तिने शिवणाच्या डब्यात तळाशी घातला.

चौथ्या दिवशी मागच्या खोलीतून ताईचा आवाज आला.

"अर्धा?"

"अर्धा."

"बरं."

परीक्षेच्या सकाळी ताई दारापर्यंत आली. ती कधी येत नसे. तिने एका कानातला कापूस काढला.

"आई, तू पियानो फार नीट लावलायस."

"हाताची सवय," आई म्हणाली आणि धाकटीच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. ताई अजून काही बोलणार होती, पण खाली बापाने गाडीचा भोंगा वाजवला, आणि ती कान दाबत आत पळाली.

विद्यालयाची खोली लांबलचक होती. भिंतींना कापड, खिडक्यांना दुहेरी काचा. पियानोपाशी विद्यालयाच्या मोठ्या बाई. धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. घरच्यासारखीच.

वाजवली: पांढरी पाच. उत्तर: काळी चार.

वाजवली: काळी पाच. उत्तर: पांढरी सात.

वाजवली: पांढरी तीन. उत्तर: पांढरी चार.

फुली. फुली. फुली.

"बारापैकी बारा चूक," शेवटी बाई म्हणाल्या.

बापाने ते दोनदा विचारून घेतलं. "एकही नाही? घरी तर घडाघडा सांगते."

"एकही नाही."

तो टोपी हातात फिरवत राहिला. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "चला. शब्द म्हणजे शब्द."

आईने दीड वर्षांनी पोटभर श्वास घेतला. धाकटी अजून भिंतीशीच उभी होती. आईने तिचा हात धरला. "चल, पिल्लू. काही बिघडत नाही."

मोठ्या बाई जागच्या उठल्या नाहीत. "अंदाजपंचे ठोकणाऱ्या पोराचंसुद्धा एखादं बरोबर येतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी पांढरी सात दाबली.

"पांढरी एक," धाकटी दारातून, वळूनही न बघता म्हणाली.

काळी दोन.

"पांढरी तीन."

"दर वेळी एक पट्टी पुढे," बाई म्हणाल्या. "घरचा पियानो कुणी लावलाय?"

बापाने छाती पुढे काढली. "हिनेच. असा हात अख्ख्या गावात नाही."

"कळलं ते. तारा नुसत्या ढिल्या सोडल्या असत्या, तर या कानाचं मातेरं झालं असतं." बाईंनी फुल्यांचा कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर सही केली आणि बापाच्या हातात दिला. "हिच्या ताईची खाट आम्ही रिकामीच ठेवली आहे. हिला आजच राहू दे."