आचाऱ्याचं नाक

“आज या पिंपाचा काय तो सोक्षमोक्ष लागू दे,” म्हणत खालच्या मजल्यावरच्या काकू नाकावर रुमाल दाबूनच गॅलरीत शिरल्या. “खिडकी म्हणून उघडायची सोय राहिली नाही.”

आचारी पिंपाजवळ स्टुलावर बसला होता, मांडीवर भाजीच्या सालांचं पातेलं. “कसला वास, काकू? खत होतंय ते. खताला वास नसतो.”

“नसतो?” काकूंनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. “ऐकलंस? नसतो म्हणे.”

बायको दारात उभी होती. ती बिचारी काय बोलणार? मोठ्या तापानंतर आचाऱ्याचं नाक गेलं ते गेलंच. लसूण करपला तरी कळेना, दूध नासलं तरी कळेना. हॉटेलात त्यानं पाठदुखीचं कारण सांगून रजा टाकली होती; खरं कळलं असतं तर कायमची रजा मिळाली असती. वास न येणारा आचारी कोण ठेवून घेतो? म्हणून घरातली गोष्ट घरातच राहिली. रिकाम्या हातांना काहीतरी काम हवं, म्हणून त्यानं हे पिंप मांडलं. सालं घातली, पालापाचोळा घातला, मग हात सैल सोडून उरलंसुरलं सगळंच ओतत गेला. ते वरून पार सडलं होतं, आणि अख्ख्या इमारतीत फक्त त्यालाच त्याचा पत्ता नव्हता. बायको सांगणार तरी कोणत्या तोंडानं?

“थांबा, तुमच्यासमोरच दाखवतो,” आचारी म्हणाला. वास आल्याचं सोंग त्याला आता चांगलं जमायला लागलं होतं. त्यानं झाकण काढलं. काकू दोन पावलं मागे सरल्या. त्यानं काठी खुपसून खालचं वर केलं, भस्सकन वाफ आली, आणि तो ओणवा होऊन छातीभर श्वास घेता घेता मध्येच थांबला.

नाकाच्या मुळाशी काहीतरी टोचलं. कोबी. सडका कोबी. जगात एवढे वास पडलेत, त्यातला पहिला हा यावा.

श्वास सोडला तर हेही जाईल, या भीतीनं तो तसाच वाकून राहिला. शेवटी सोडावाच लागला. पुन्हा घेतला. पुन्हा कोबी आला, आणि मागोमाग आंबलेला कांदा. त्यानं तळात हात घातला. तळ गरम होता, आजारी माणसाचं कपाळ लागावं तसा. मूठभर काळं बाहेर काढून त्यानं नाकाशी नेलं. यात कोबी नव्हता, कांदा नव्हता. पिंपात त्यानं खरबुजाची सालं घातली होती, चहाचा चोथा घातला होता, अंड्यांची टरफलं घातली होती. माती कुणीच घातली नव्हती. पण वास मातीचा होता.

“काकू,” झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तितक्या हळू आवाजात तो म्हणाला, “किती घाण वास येतोय हो.”

“मग इतके दिवस मी वेगळं काय म्हणतेय?” काकूंचा पारा चढला आणि लगेच उतरला, कारण समोरचा बाप्या रडत होता. “अहो, रडायला काय झालं? दोन टोपल्या सुका पाला घाला, चांगलं हलवा. आठवड्यात जाईल वास.”

“जाईल हो. पण एवढ्यात नको.”

काकूंनी बायकोकडे बघून भुवया उडवल्या. बायकोचं लक्षच नव्हतं. ती दाराची चौकट धरून त्याच्या नाकपुड्या हलताना बघत होती.

आचाऱ्यानं आणखी एक श्वास घेतला आणि या वेळी त्याचं तोंड चांगलंच वाकडं झालं. त्यानं वर पाहिलं.

“अगं,” तो म्हणाला, “रोज संध्याकाळी तू इथेच माझ्याशेजारी बसून चहा प्यायचीस.”

बायकोनं मान डोलावली. आणि मग, पहिल्यांदाच त्याच्यासमोर, तिनं दोन बोटांनी आपलं नाक गच्च दाबलं.