समान वागणूक

सरकारी वर्कशॉपमध्ये ती एकटीच बाई वेल्डर होती. कामात चूक कुणाचीही होवो, फोरमन पाना हाणायचा तो फक्त तिलाच. भेदभावाची तिची तक्रार खात्याने फेटाळली, तेव्हा तिने वर अपील केलं.

सुनावणीला फोरमन पाच पुरुष वेल्डर घेऊन हजर झाला. एकाचा हात गळ्यात, एकाचे पुढचे दात गायब, एकाचा डोळा सुजून मिटलेला.

"साहेब, माझ्याकडे उजवं-डावं चालत नाही," फोरमन नम्रपणे म्हणाला. "अपिलाची नोटीस मिळाली, त्या दिवसापासून सगळ्यांना सारखंच."

अपील अधिकाऱ्याने एकेक जखम चष्मा लावून तपासली आणि निकाल लिहिला : भेदभाव आढळून येत नाही.

"पण साहेब, मला मार थांबायला हवा होता!"

"अहो बाई, अर्ज तुमचाच ना? भेदभाव थांबवा म्हणालात. थांबवला की यांनी!"

ती बाहेर आली. व्हरांड्यात ते पाचही जण तिचीच वाट बघत होते. त्यांच्यातल्या ज्यांचे दोन्ही हात शाबूत होते, त्यांनी शांतपणे बाह्या वर सारल्या.